तेरा वर्षांच्या राजाचे पालनकर्ते

बॅबिलॉनच्या देवळांत आकाशाची रोज नोंद ठेवणारे पंडित होते. चंद्र कुठे आहे, कोणता ग्रह कोणत्या ताऱ्याजवळ आला, ढग होते का, नदीचं पाणी किती चढलं, हे सगळं ते ओल्या मातीच्या पाटीवर टोचून ठेवत. त्याच पाट्यांवर बाजारभावही असत: एका शेकेल चांदीला किती जव, किती खजूर, किती तीळ, किती लोकर. इ.स.पू. ३२३ च्या उन्हाळ्यातल्या एका पाटीवर एक छोटी नोंद आहे. राजा मरण पावला. आभाळात ढग. तो राजा म्हणजे मॅसिडोनियाचा अलेक्झांडर, आपल्याकडच्या बोलण्यातला सिकंदर. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता आणि ग्रीसपासून सिंधू नदीपर्यंतचा मुलूख त्याच्या नावाने चालत होता.

पुढची वीस-बावीस वर्षं हा मुलूख त्याच्या सेनापतींनी वाटून घेतला, एकमेकांकडून हिसकावला, पुन्हा वाटला. त्या वर्षांतल्या बॅबिलॉनच्या पाट्यांवर जवाचे भाव भडकलेले दिसतात. एका पाटीवर तर देशात रडारड आणि शोक चालू असल्याचं लिहिलेलं आहे.

शाळेत इतिहासाच्या तासाला मी दोन नकाशे पाहिले होते. पहिल्यात हा सगळा प्रदेश एकाच रंगात होता, दुसऱ्यात चार-पाच रंग झाले होते. पहिला बघताना छाती फुगायची. दुसरा बघताना आपलंच काही हरवल्यासारखं वाटायचं. परका राजा, परका देश, तरीही. ती हळहळ बहुतेकांच्या मनात तशीच राहते. एवढं मोठं साम्राज्य, आणि करंट्या सेनापतींनी त्याचे तुकडे केले, अशी गोष्ट आपण पुढच्या पिढीला सांगतो.

या हळहळीला माझा विरोध आहे. साम्राज्याचे तुकडे झाले म्हणून लोक मेले नाहीत. तुकडे होऊ द्यायचे नाहीत, सगळं एकाच हातात राहिलं पाहिजे, या हट्टापायी मेले. आणि तो हट्ट ज्याच्या नावाने चालला, ते एक लहान मूल होतं.

अलेक्झांडरने मरताना राज्य कोणाला दिलं, याची प्रसिद्ध कथा आहे. ‘जो सगळ्यांत बलवान असेल त्याला,’ असं तो म्हणाला, असं प्राचीन इतिहासकार सांगतात. राजमुद्रेची अंगठी त्याने पर्डिकस या सेनापतीच्या हाती दिली. हे वाक्य लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. खरोखर तो असं म्हणाला असेल, तर राजाने करू नये अशी ही गोष्ट होती. त्याची बायको रोक्साना गरोदर होती. सावत्र भाऊ अऱ्हिडियस हयात होता, पण त्याची बुद्धी अधू होती. बार्सिनी नावाच्या बाईपासून झालेला हेराक्लिस नावाचा एक मुलगाही होता. इ.स.पू. ३३४ मध्ये आशियावर चालून जाण्याआधी अँटिपेटर आणि पार्मेनियन या जुन्या जाणत्यांनी त्याला सांगितलं होतं, आधी लग्न कर, वारस होऊ दे, मग नीघ. त्याने ऐकलं नाही. पुढे पार्मेनियनलाही त्यानेच मारवलं. गादीवर आला तेव्हा चुलतभाऊ संपवला होता. ज्या घरात वारसाहक्काचा प्रश्न असा रक्तानेच सोडवत आले, त्या घराच्या नोकरांनी पुढे वेगळं काही करावं, ही अपेक्षा कोणत्या आधारावर ठेवायची?

बॅबिलॉनच्या राजवाड्यात सेनापतींची सभा भरली. घोडदळाचे सरदार म्हणाले, रोक्सानाच्या पोटी मुलगा झाला तर तोच राजा. पायदळाला हे पटलं नाही. पोटातल्या जिवापुढे आणि तेही परक्या बाईच्या पोटातल्या, मान कशी झुकवायची? त्यांनी अऱ्हिडियसला पुढे केलं, त्याचं नाव फिलिप ठेवलं. टॉलेमी या सेनापतीने तिसराच मार्ग सुचवला: रिकाम्या सिंहासनासमोर सरदारांनी एकत्र बसावं आणि बहुमताने कारभार करावा. त्या दिवसात बोललं गेलेलं हे एकच वाक्य मला शहाणपणाचं वाटतं, आणि ते कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी तडजोड झाली, राजे दोन. एक अधू बुद्धीचा आणि दुसरा काही महिन्यांनी जन्मलेला, अलेक्झांडर चौथा.

ही तडजोड कशी साजरी झाली तेही पाहावं. मॅसिडोनियात सैन्याच्या शुद्धीचा विधी असे. कुत्र्याचे दोन तुकडे करून मैदानाच्या दोन टोकांना टाकायचे आणि सैन्याने मधून जायचं. पर्डिकसने हा विधी लावला, आणि सैन्य मैदानात आल्यावर पायदळाच्या बंडातली माणसं वेचून बाजूला काढली आणि हत्तींच्या पायाखाली दिली. त्यांचा पुढारी मेलिएगर देवळात आश्रयाला पळाला, तिथे मारला गेला. हे सगळं एकोपा टिकवण्यासाठी.

मग प्रांतांची वाटणी झाली. टॉलेमीला इजिप्त, लायसिमॅकसला थ्रेस, एका डोळ्याच्या अँटिगोनसला आशिया मायनरचा मोठा भाग, चिटणीस असलेल्या युमेनीसला कॅपाडोशिया. मॅसिडोनिया म्हाताऱ्या अँटिपेटरकडेच राहिला. कागदावर हे कोणी मालक नव्हते. ते क्षत्रप होते, राजाचे सुभेदार. (हा शब्द इराणी. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांत नहपानाच्या नावामागे तोच लागलेला आहे.) मालक ते मूल आणि तो अधू काका. पर्डिकस त्या दोघांचा पालक.

गावाकडे सातबाऱ्यावर अज्ञान मुलाचं नाव चढलं की खाली ‘अ.पा.क.’ म्हणून कुणा वडीलधाऱ्याचं नाव लागतं. अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान होईपर्यंत जमीन त्याने सांभाळायची. बहुतेक चुलते-मामा ती नीट सांभाळतात. जिथे सांभाळत नाहीत तिथे भाऊबंद बोलतात, तलाठी असतो, शेवटी कोर्ट असतं. पालनकर्त्याच्या डोक्यावर कोणीतरी असतं म्हणून ती व्यवस्था चालते. बॅबिलॉनमध्ये पालनकर्त्यांच्या डोक्यावर कोणी नव्हतं. जो अंगठी धरेल तो राजाच्या वतीने बोलणार, आणि त्याला नाही म्हणेल तो राजद्रोही ठरणार. सगळ्या पुढच्या लढायांचं मूळ मला इथे दिसतं. प्रत्येक फौज राजाच्या नावाने निघाली, प्रत्येक कत्तल राज्याच्या एकीसाठी झाली.

पहिली झळ लागली ती बॅक्ट्रियातल्या ग्रीकांना. अलेक्झांडरने त्यांना आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तरेकडे नव्या शहरांत नेऊन बसवलं होतं. तो मेल्याचं कळताच या माणसांनी घराची वाट धरली. प्राचीन ग्रीक इतिहासकार डायोडोरस आकडा देतो २० हजार पायदळ आणि ३ हजार घोडेस्वार. त्यांना राज्य नको होतं, वाटा नको होता. समुद्र बघायचा होता, आपली भाषा कानावर पडायला हवी होती. साम्राज्याची सीमा ओस पडेल म्हणून पर्डिकसने पायथॉन या सरदाराला त्यांच्यावर धाडलं. ते हरले, जिवाची हमी घेऊन शस्त्रं खाली ठेवली, आणि शस्त्रं ठेवल्यावर मॅसिडोनियन सैनिकांनी त्यांच्यावर भाले चालवून त्यांची मालमत्ता लुटली. ही घटना बहुतेक पुस्तकांत दोन ओळींत संपते.

दुसरी गोष्ट नाईलवरची. अलेक्झांडरच्या प्रेतासाठी जवळजवळ दोन वर्षं खपून सोन्याने मढवलेला रथ तयार झाला, ६४ खेचरं जोडलेला. तो निघाला आणि सीरियात टॉलेमीने फौजेसह पुढे होऊन प्रेत इजिप्तकडे वळवलं, मेम्फिसला नेलं. प्रेत ज्याच्याकडे त्याचा हक्क मोठा, असा तो काळ. पर्डिकसला हे सहन होणं शक्य नव्हतं. आधी फितूर क्षत्रपाला वठणीवर आणायचं म्हणून तो राजांना बरोबर घेऊन इजिप्तवर गेला. मेम्फिसजवळ नदी ओलांडायची होती, पाणी छातीच्या वर. त्याने प्रवाहाचा जोर तोडायला वरच्या अंगाला हत्ती उभे केले, वाहून जाणाऱ्यांना धरायला खालच्या अंगाला घोडेस्वार. पहिली तुकडी पार झाली. पण हत्ती-घोड्यांच्या पायांनी तळाची वाळू उकरली गेली, ती वाहून गेली, आणि मागच्या माणसांच्या पायाखाली तळच उरला नाही. पलीकडे गेलेले थोडे होते, म्हणून त्यांना परत बोलावलं. परतताना २ हजारांवर माणसं गेली, त्यांतल्या निम्म्यांना मगरींनी खाल्लं. टॉलेमीने आपल्या काठाला लागलेली प्रेतं जाळून अस्थी त्यांच्या नातलगांकडे पाठवून दिल्या. त्या रात्री छावणीत काय बोलणं झालं असेल ते सांगायला नको. पर्डिकसच्याच सरदारांनी तंबूत शिरून त्याला मारलं. त्यांत पायथॉन होता, सेल्यूकसही होता.

दुसऱ्या दिवशी टॉलेमी त्या छावणीत आला. सैन्य त्याला मानत होतं. राजांचं पालकत्व, म्हणजे अख्खं साम्राज्य, त्याला मागताच मिळालं असतं. त्याने ते दुसऱ्यांना देऊ केलं आणि तो इजिप्तला परत गेला. काही अभ्यासक याला धूर्तपणा म्हणतात. असेलही. पण सगळं नाकारून एक देश नीट धरून बसलेला हा माणूस पुढे इ.स.पू. २८० च्या दशकात म्हातारा होऊन अंथरुणावर मेला, आणि त्याच्या वंशाने इ.स.पू. ३० पर्यंत, क्लिओपात्रापर्यंत, राज्य केलं. त्या पिढीतल्या मोठ्या दावेदारांत असं मरण फार थोड्यांना लाभलं.

सीरियात ट्रिपॅराडिससला नवी वाटणी झाली. अँटिपेटर पालक, सेल्यूकसला बॅबिलॉन, अँटिगोनसला आशियातली फौज. इ.स.पू. ३१९ मध्ये अँटिपेटर गेला. त्याने पालकत्व मुलाला, कॅसँडरला, न देता पॉलिपर्कनला दिलं आणि घरातच युद्ध लागलं. त्यात अलेक्झांडरच्या आईने, ऑलिंपियसने, अधू बुद्धीच्या फिलिपला आणि त्याच्या बायकोला संपवलं. मग कॅसँडरने ऑलिंपियसला. तपशील खूप आहेत, पण सगळे एकाच वळणाचे.

मला थांबायचं आहे ते युमेनीसपाशी. राजाशी खरी निष्ठा ठेवणारा एकटाच हा, असं त्याच्याबद्दल म्हणतात, आणि मला तो मनापासून आवडतो. तो मॅसिडोनियन नव्हता, कार्डिया गावचा ग्रीक होता, हयात दफ्तर सांभाळण्यात गेलेली. मॅसिडोनियन सरदार त्याचा हुकूम ऐकायला तयार होईनात तेव्हा त्याने एक युक्ती केली. अलेक्झांडर स्वप्नात आला असं सांगून एक तंबू उभारला. आत सोन्याचं सिंहासन, त्यावर राजमुकुट आणि राजदंड. रोज सकाळी सगळे सरदार त्या रिकाम्या सिंहासनाला धूप दाखवत आणि त्याच्यासमोर बसून सल्लामसलत करत. बॅबिलॉनमध्ये टॉलेमी जे म्हणाला होता ते इथे झालं, पण एका लष्करी छावणीपुरतं आणि स्वप्नाचा आधार देऊन.

त्याच्या फौजेत ‘चांदीच्या ढाली’ नावाचं पथक होतं. फिलिपच्या, म्हणजे अलेक्झांडरच्या बापाच्या काळापासून लढत आलेले सुमारे ३ हजार म्हातारे. त्यांतले तरुण साठीचे, बाकीचे सत्तरीचे, असं इतिहासकार लिहितात. इराणातल्या गॅबिनी इथे खारट मैदानावर ते अँटिगोनसच्या फौजेसमोर उभे राहिले तेव्हा त्यांचा एक स्वार पुढे गेला आणि समोरच्या तरुण मॅसिडोनियनांना ओरडून म्हणाला, नालायकांनो, ज्यांनी फिलिप आणि अलेक्झांडरबरोबर जग जिंकलं त्या तुमच्या बापांवर हात उगारता? मग ते म्हातारे चालून गेले आणि त्यांनी समोरची फळी फोडली. लढाई पायदळाने जिंकली होती.

पण जमीन खारट होती. हत्ती-घोड्यांनी अशी धूळ उडवली की दहा पावलांवरचं दिसेना. त्या धुळीच्या आडून अँटिगोनसने घोडेस्वार पाठवून मागचा तळ लुटला. त्या तळावर म्हाताऱ्यांच्या बायका होत्या, मुलं होती, आणि तीस-चाळीस वर्षांच्या लढायांची कमाई गाड्यांवर लादलेली होती. गाव नाही, घर नाही, शेत नाही. जे होतं ते एवढंच. रात्री त्यांच्या पुढाऱ्याने अँटिगोनसला निरोप पाठवला. उत्तर आलं: युमेनीसला द्या, सामान घेऊन जा. त्यांनी त्याचे हात त्याच्याच पट्ट्याने बांधले आणि त्याला देऊन टाकलं. काही दिवसांनी तो मारला गेला.

यात म्हाताऱ्यांना शिव्या देणं सोपं आहे. प्राचीन चरित्रकार प्लुटार्कही देतो. मला ते जमत नाही. ज्या माणसांकडून आयुष्यभराचं रक्त घेतलं आणि बदल्यात एक बैलगाडी एवढाच संसार दिला, त्यांनी रिकाम्या सिंहासनापेक्षा ती गाडी निवडली. साम्राज्य ‘एक’ होतं ते वर, सरदारांच्या तोंडी. खाली प्रत्येकाचं जग त्या गाडीएवढं होतं. अँटिगोनसला मात्र असे लोक जवळ नको होते. त्याने त्यांतल्या अनेकांना अराकोसियाला, म्हणजे कंदाहारच्या बाजूला, तिथल्या क्षत्रपाकडे पाठवलं, आणि त्यांना थोडे थोडे करून अशा कामांवर धाड की ते परत येणार नाहीत, अशी सूचना दिली. त्यांच्यातल्या कोणी ग्रीसचा समुद्र पुन्हा पाहू नये, असा हुकूम होता.

इकडे रोक्साना आणि तिचा मुलगा कॅसँडरच्या कैदेत, अँफिपोलिसच्या किल्ल्यात. राजपुत्राची वागणूक बंद, बरोबरीची मुलं काढून घेतलेली. आणि बाहेर त्याच्याच नावाने वर्षं मोजली जात होती. इजिप्तच्या दक्षिण टोकाला एलिफंटिनी बेटावर पपायरसवरचा एक विवाह करार सापडला आहे, इ.स.पू. ३१० चा. टेम्नॉसचा हेराक्लिडिस आणि कॉसची डेमेट्रिया यांचं लग्न. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणायची नाही, बायकोने अब्रूला बट्टा लावायचा नाही, मोडलं तर दंड किती, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. आणि सुरुवातीला तारीख: अलेक्झांडरचा मुलगा अलेक्झांडर याच्या राज्याचं सातवं वर्ष, टॉलेमीच्या क्षत्रपीचं चौदावं. हजाराहून जास्त मैलांवरचा कैदी पोरगा या दोघांच्या संसाराचा साक्षीदार होता.

त्याआधी एक वर्ष, ३११ मध्ये, चौघा मोठ्यांचा तह झाला होता. कॅसँडरने युरोप बघावा, लायसिमॅकसने थ्रेस, टॉलेमीने इजिप्त, अँटिगोनसने आशिया, आणि कॅसँडरचा अधिकार अलेक्झांडर सज्ञान होईपर्यंत. हे कलम वरकरणी किती न्यायाचं! पण मुलगा बारा वर्षांचा झाला होता. मॅसिडोनियात लोक बोलू लागले होते की पोर मोठं झालं, त्याला सोडा, त्याचं त्याला द्या. तहात ज्या दिवशी मुदत लिहिली गेली त्या दिवशी त्याच्या मरणाची तारीखही जवळ आली. कॅसँडरने पहारेकऱ्यांच्या नायकाला निरोप दिला: आई आणि मुलगा दोघांना मारा, प्रेतं लपवा, कोणाला कळू देऊ नका. डायोडोरस पुढे लिहितो की यामुळे कॅसँडर, लायसिमॅकस, टॉलेमी आणि अँटिगोनस यांची भीती गेली. चौघांची. मला आवडणारा टॉलेमीही त्यांत होता, हे नजरेआड करता येत नाही. पुढच्या काही महिन्यांत हेराक्लिसला पॉलिपर्कनने मारलं. थोरल्या अलेक्झांडरची सख्खी बहीण क्लिओपात्रा सार्डिसमधून निघून टॉलेमीशी लग्न करणार होती, तिला अँटिगोनसच्या माणसांनी मारलं. घराणं संपलं. आणि बॅबिलॉनचे लेखनिक त्यानंतरही काही वर्षं पाट्यांवर मेलेल्या मुलाचीच राज्यवर्षं लिहीत राहिले.

इ.स.पू. ३०६ मध्ये अँटिगोनसने राजमुकुट घातला, वर्ष-दोन वर्षांत बाकीच्यांनीही. इतिहासात याला सत्तालोलुपता म्हणतात. मला हा त्या सबंध काळातला सगळ्यांत प्रामाणिक क्षण वाटतो. सतरा वर्षं दुसऱ्याच्या नावाने राज्य करून झाल्यावर ते पहिल्यांदा स्वतःच्या नावाने बोलले. खोटं नाव संपलं की हिशेबही ठरतो: हा मुलूख माझा, तो तुझा, सीमा इथे. पण अँटिगोनसला सीमा नको होती. त्याला सगळं हवं होतं. त्याने थोडं सोडलं असतं, हाव जरा आवरली असती, तर वर्चस्व अखेरपर्यंत त्याच्याकडे राहिलं असतं आणि मुलालाही मिळालं असतं, असं प्लुटार्क म्हणतो. इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या रणांगणावर, ऐंशी ओलांडलेला, मुलाची वाट बघत तो भाल्यांखाली पडला. मुलगा डेमेट्रियस शत्रूच्या घोडेस्वारांचा पाठलाग करत लांब गेला होता आणि परतीच्या वाटेवर हत्तींची भिंत उभी होती.

ते हत्ती आपल्याकडून गेले होते, आणि माझ्या मुद्द्याचा सगळ्यांत मोठा पुरावा तोच आहे. सेल्यूकस अलेक्झांडरने जिंकलेला पंजाब-सिंधचा मुलूख परत घ्यायला इ.स.पू. ३०५ च्या सुमारास पूर्वेकडे आला होता. समोर चंद्रगुप्त मौर्य. शेवटी दोघांनी तह केला. सेल्यूकसने सिंधूपलीकडचे मोठे प्रांत सोडले, अराकोसियासुद्धा, ५०० हत्ती घेतले, सोयरिकीचा करार केला आणि तो पश्चिमेला वळला. पुढे त्याचा वकील मेगॅस्थिनीस पाटलीपुत्राला आला. जे सांभाळता येणार नव्हतं ते सोडल्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. इप्ससला त्याचीच बाजू जिंकली. आणि या सीमेवर पुढे बराच काळ शांतता राहिली. चंद्रगुप्ताचा नातू अशोक आपल्या तेराव्या शिलालेखात पाच यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नावं घेतो, अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मग, अलिकसुंदर, आणि त्यांच्या राज्यांत धम्म पोचल्याचं सांगतो. म्हणजे सेल्यूकस, टॉलेमी आणि अँटिगोनस यांच्या वंशजांना तो शेजारी म्हणून नावाने ओळखत होता. जिथे चांदीच्या ढालींचे म्हातारे मरायला पाठवले होते, त्या कंदाहारात अशोकाचा ग्रीक आणि अरमाईक भाषेतला लेख १९५८ मध्ये सापडला. त्यात प्राणिहत्या सोडण्याची गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, वाटणीनंतर तरी युद्धं कुठे थांबली? सीरियासाठी टॉलेमीचे आणि सेल्यूकसचे वंशज पुढे शतकभर भांडत राहिले. खरं आहे. पण ती सीमेची भांडणं होती, मेम्फिसच्या नदीवर किंवा बॅक्ट्रियाच्या वाटेवर झाली तशी सगळ्या जगाला ओढणारी नव्हती. आणि सेल्यूकससुद्धा शेवटी घसरलाच. इ.स.पू. २८१ मध्ये लायसिमॅकसला हरवून मारल्यावर त्या समवयस्कांतला तो एकटा उरला. पंचाहत्तरी उलटलेल्या त्या माणसाला मॅसिडोनियाही हवासा वाटला. हेलेस्पाँटची सामुद्रधुनी ओलांडून युरोपात पाय ठेवला आणि त्याने ज्याला आश्रय दिला होता त्या टॉलेमी केरॉनसने, म्हणजे इजिप्तच्या टॉलेमीच्या मुलाने, त्याला भोसकलं. आयुष्यभर थोडक्यात भागवून तगलेला माणूस, अख्ख्याला हात घालताच गेला.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. अलेक्झांडरला ग्रीक आणि इराणी एक करायचे होते, साम्राज्य फुटल्याने ते स्वप्न मेलं, असं म्हणतात. त्याने इराणातल्या सूसा शहरात ऐंशी-एक सरदारांची इराणी मुलींशी लग्नं लावली होती. तो मेल्यावर बहुतेकांनी त्या बायका सोडल्या. सेल्यूकसने सोडली नाही. त्याची अपामा ही बॅक्ट्रियाच्या बाजूच्या स्पितामेनीस या सरदाराची मुलगी, आणि तिचाच मुलगा अंतियोक पुढे राजा झाला. तिच्या नावाने त्याने शहरं वसवली. हुकमाने लावलेल्या लग्नांतून जे झालं नाही ते एका प्रांतात पाय रोवून बसलेल्या घरात झालं. पुढे काही शतकांनी आपल्या नाशिकच्या पांडव लेण्यांत धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेला ‘योनक’, म्हणजे यवन, लेणं खोदवतो आणि आईबापांच्या पुण्यासाठी ते दान करतो. त्या माणसाला कोणतंही अखंड साम्राज्य लागलं नव्हतं.

म्हणून आपण आपल्या मुलांना दोन नकाशे दाखवतो तेव्हा दुसऱ्याकडे बोट करून ‘बघ, तुटलं’ असं म्हणू नये. पहिला नकाशा टिकवायला कोणी किती माणसं खर्ची घातली ते सांगावं. मुदत लिहिलेलं ते कलम दाखवावं. एखाद्या राज्याचं मोठेपण त्याच्या रंगाच्या पसाऱ्यावरून मोजायला आपण लहानपणी शिकतो आणि मग मोठेपणी कोणीही अखंडतेचं नाव घेतलं की हिशेब मागायचं विसरतो.

उत्तर ग्रीसमध्ये व्हर्जिना इथे मॅसिडोनियाच्या राजांच्या कबरी आहेत. १९७८ मध्ये पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांच्या हाताखाली तिथली एक न लुटलेली कबर उघडली. आत चांदीचा पाण्याचा घडा होता, त्यात जळालेली हाडं, आणि घड्याच्या खांद्यावर सोन्याच्या ओकपानांचा हार. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर रथांच्या शर्यतीचं चित्र काढलेलं आहे, घोडे भरधाव. हाडं तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची आहेत. तो अलेक्झांडर चौथा असावा, असं बहुतेक अभ्यासकांना वाटतं.